राजहंस आणि चना

आमच्या तलावावर थंडीत नागपूरचे लोक पक्षी पाहायला येतात. पहिल्यांदा आले त्याला आता दहाबारा वर्षं झाली. तेव्हा गावात बातमी पसरली की जमीन घ्यायला पार्टी आली. कोणी म्हणालं, रेतीवाले. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, हातात वह्या, आणि पाळीवर तास-तास नुसते उभे. शेवटी आमच्या पोलीस पाटलानं जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "काही नाही गा, पाखरं मोजून राह्यले."

"मोजून काय करतेत?"

"वहीत लिहितेत."

यावर कोणी काही बोललं नाही. जमिनीची मोजणी आम्ही पाहिली होती, ढोरांची मोजणी पाहिली होती. ज्याची मोजणी होते त्याच्यावर पुढं काहीतरी येतं, हा आमचा अनुभव.

नंतर मला समजलं की ही मोजणी एका आमच्या तलावावरच होत नाही. १९८७ सालापासून दरवर्षी जानेवारीत आशियातल्या किती तरी देशांत पाणपक्षी मोजतात. लोक आपल्या हौसेनं, आपलं पेट्रोल जाळून जातात. नागपूरहून उमरेडकडे निघालं की सायकीचा तलाव, पारडगावचा तलाव ही नावं या लोकांच्या तोंडात असतात. आमचा तलाव त्यांच्यापुढं लहान. मालगुजारांच्या काळातला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, मालगुजार गेले, तलाव राहिले. सरकारी कागदात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि साहेब लोक त्याचं थोडक्यात 'मामा तलाव' करतात. मामाच्या गावाला जायचं म्हटल्यासारखं वाटतं. पण पाळ फुटली, तुडुम गळायला लागलं, म्हणजे पाणी सोडायची जागा निकामी झाली, की मामाही ओळख देत नाही आणि भाचाही नाही.

मुंबई-ठाण्याकडचे लोक खाडीवर रोहित पाहायला जातात. आमच्याकडे समुद्र नाही. जे काही पाणी आहे ते असं बापजाद्यांनी अडवून ठेवलेलं. पण पाखरांना ते कोणी अडवलं याच्याशी काही घेणं नसावं. दिवाळी झाली की एकेक थवा उतरायला लागतो.

मागच्या वर्षी संक्रांत होऊन चारपाच दिवस झाले होते. मोजणीवाले येणार होते. त्यांच्या म्होरक्या एक मॅडम आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, माझ्याच वयाच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक जण गाळात मांडीपर्यंत फसला होता, म्हणून यावेळी त्यांनी मला फोन करून म्हटलं, "काकाजी, तुम्ही सोबत चला. कुठं पाय ठेवायचा ते तुम्हालाच माहीत." मी हो म्हटलं. माणसाला बोलावलं की बरं वाटतं.

सकाळी साडेसहाला दोन गाड्या आणि एक टेम्पो आला. मोजून अठरा माणसं. एक डॉक्टर, कॉलेजची पोरंपोरी, एक बँकेतले गृहस्थ, आणि सातवीतली एक पोरगी, तिच्या मामासोबत आलेली. पाण्यावर धुकं होतं. सगळे कुजबुजत बोलत होते. आमच्या तलावावर इतकं हळू बोलताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. आम्ही या काठावरून त्या काठाला हाक मारणारे लोक.

सलंगापासून, म्हणजे सांडव्यापासून, निघालो ते बेशरमीच्या झाडोऱ्याला वळसा घालत चाललो. मॅडम नावं सांगत होत्या. ज्याला मी जन्मभर 'बदक' म्हणत आलो त्याच्यात थापट्या वेगळा, तलवार बदक वेगळा, लालसरी वेगळी. थापट्याची चोच पाहिली तर खरंच थापी लावल्यासारखी चपटी. एक पिवळ्या-नारंगी रंगाची जोडी गाळावर बसली होती. मॅडम म्हणाल्या, चक्रवाक. मी म्हटलं, पोथीतला? रात्री नवराबायकोची ताटातूट होते तो? तर हो, तोच. लहानपणापासून कीर्तनात मी ज्याच्यासाठी हळहळलो तो दरसाल माझ्या वावराच्या खालच्या अंगाला येऊन बसत होता आणि मला साठीनंतर त्याची ओळख झाली. पोरीनं वहीत लिहून घेतलं. तिनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही याला काय म्हणता?" मी म्हटलं, "आजपर्यंत तर काहीच म्हटलं नव्हतं."

मग राजहंस दिसले. तलावाच्या मधोमध गाळाचा एक उंचवटा पाण्याबाहेर येतो, त्याच्यावर. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागच्या अंगाला दोन काळे पट्टे. पुस्तकात याला पट्टकदंब म्हणतात, आम्ही राजहंसच म्हणतो. सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर गेल्या. एक जण बारीक आवाजात "वा, वा" करत होता, जसं गाण्याच्या बैठकीत करतात.

या पक्ष्याची गोष्ट मॅडमनी सांगितली. हे तिबेटातून, मंगोलियातून, लडाखच्या तलावांवरून येतात. हिमालय ओलांडून. शास्त्रज्ञांनी यांच्या अंगाला यंत्रं बांधून पाहिलं, तर एक हंस ७,००० मीटरच्या वर उडताना नोंदला गेला. बाकी बरेचसे शक्य तितकं खालूनच, खिंडीखिंडीतून येतात. हे मला आवडलं. नुसता मोठेपणा करायला उंच उडत नाही तो. आणि जास्त करून रात्री किंवा पहाटे उडतात, हवा गार असते म्हणून.

तीन पायांच्या घोडीवर मोठी दुर्बीण लावली होती. पोरीनं मला ओढत नेलं. मी डोळा लावला आणि राजहंस एकदम समोर आला. चोच नारंगी, टोकाशी काळी. डोळा करवंदासारखा. मान वळवून तो पाठीवरचं एक पीस नीट करत होता. मी बराच वेळ वाकून राहिलो. चाळीस वर्षं हा पक्षी माझ्या वावरात येतो, पण मी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला आजवर पाठमोरंच पाहिलं होतं, उठून जाताना.

आता ते सांगायला पाहिजे.

तलावाचं पाणी उतरत जातं तसतशी काठची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात आम्ही चना टाकतो. याला गाळपेर म्हणतात. पाणी द्यावं लागत नाही, खत लागत नाही, गाळातच सगळं असतं. माझी तिथं सव्वादोन एकराची पट्टी आहे. आहे म्हणजे मी पेरतो. पट्टा कधी असतो, कधी नसतो. जानेवारीत चना वीतभर होतो, कोवळा असतो, आणि राजहंसांना तोच आवडतो. दिवसा ते पाण्यात किंवा उंचवट्यावर बसतात, शहाण्यासारखे. दिवसाच पाहणाऱ्याला वाटेल, हे खातात तरी काय? अंधार पडला की वर येतात आणि पहाटेपर्यंत चरतात. एका रेषेत, ढोरासारखे, कचाकचा.

म्हणून मी थंडीभर जागलीला जातो. रोही आणि डुकरांसाठी तर सगळेच जागतात, मी राजहंसांसाठीही जागतो. एक पिपा आहे, एक दांडका आहे, बॅटरी आहे. ज्या दिवशी हे अठरा जण आले, त्याच पहाटे चार वाजता मी पिपा बडवून तेच राजहंस उठवले होते. साठ-एक असतील. "आंग, आंग" करत अंधारात दोन फेरे मारून ते पाण्यावर बसले. आणि अडीच तासांनी मी आंघोळ करून, टोपी घालून, पाहुण्यांना तेच दाखवायला आलो होतो.

आता काय झालं ते ऐका. आमच्यात एक पोरगा होता, मोठा कॅमेरा घेतलेला. तो मागं राहिला. आम्हाला वाटलं कुठं बसला असेल. तो बेशरमीतून वाकत-वाकत उंचवट्याच्या जवळ गेला, एक ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. राजहंस उठले. कॅमेरा खटाखटा वाजला. त्याला उडतानाचा फोटो पाहिजे होता.

मॅडम इतक्या चिडल्या की त्यांचा आवाज पूर्ण तलावावर ऐकू गेला. पोरगा खाली पाहत उभा. "इतक्या लांबून येतात, त्यांच्या अंगात किती ताकद शिल्लक असते याचा विचार केलास? प्रत्येक वेळी उठवलं की त्यांनी खाल्लेलं वाया जातं. तुझ्या एका फोटोसाठी? परत तुला आणणार नाही." सगळे चूप. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पाहा काकाजी. तुम्ही गावचे लोक यांना इतकं सांभाळता, आणि आमची शिकलेली मुलं असं करतात."

मी काही बोललो नाही. मान हलवली असावी. हो म्हटल्यासारखी.

ते मान हलवणं माझ्या मनातून अजून जात नाही.

मी पुढं चाललो, वाट दाखवत होतो, पण मनात वाद चालू होता. पहिलं उत्तर लगेच सुचलं. त्यानं हौसेसाठी उठवलं, मी पोटासाठी उठवतो. हौस वेगळी, पोट वेगळं. हे उत्तर मला बरेच दिवस पुरलंही असतं. पण राजहंसाच्या बाजूनं पाहिलं तर? त्याला माझं पोट दिसत नाही आणि पोराचा कॅमेराही कळत नाही. त्याला थंडीत उठावं लागतं, तेवढंच त्याला समजतं. त्या पोरानं एकदा उठवलं, मी थंडीचे दोन-अडीच महिने रोज उठवतो. मॅडमचं बोलणं खरं असेल, प्रत्येक उठण्यात खाल्लेलं जळत असेल, तर माझा हिशेब त्या पोरापेक्षा पुष्कळ मोठा होतो.

मग म्हटलं, पण नुकसान तर आहे ना. नुकसान किती, हेही खरं सांगतो. एका साली त्यांनी उगवतं पीक असं साफ केलं होतं की काठाकडचा अर्धा एकर मला पुन्हा पेरावा लागला. ते खोटं नाही. पण बाकीच्या वर्षी? आम्ही स्वतःच चन्याचे शेंडे खुडतो. घरी भाजी होते आणि खुडल्यानं झाड फुटतं, पसरतं. राजहंसही वरवर शेंडाच खुडतात, थोड्या दिवसांसाठी. त्यांच्यामुळं दर साली किती पायली चना कमी झाला, हे मी कधी मोजलं नाही. मोजायला भीत असेन. मोजून नुकसान कमी निघालं तर पिपा कोणत्या तोंडानं वाजवणार?

जमिनीचंही तसंच. ती जागा तलावाची आहे. मी नांगर घातला नसता तर तिथं गवत, लव्हाळा उगवला असता आणि राजहंसांनी तो खाल्ला असता. म्हणजे त्यांच्या पानावर मीच माझा चना वाढून ठेवला आणि खाल्ला म्हणून ओरडतो. असं म्हणायला सोपं. पण माझ्या बापाच्या वेळी तलावाची पाळ वाढवली तेव्हा आमची तीन एकर चांगली काळी जमीन पाण्यात गेली. मोबदल्याची रक्कम सांगायला लाज वाटते. बाप म्हणायचा, "पाणी उतरलं का थे आपलंच." ती पट्टी म्हणजे बुडालेल्या वावराचा उरलेला तुकडा आहे. राजहंसाला हे कोण समजावून सांगणार? आणि त्याचंही काही बुडालंच असेल की कुठंतरी.

माझा बाप मोठा विचित्र माणूस. पेरणीला पहिली मूठ पाखरांच्या नावानं टाकायचा. ज्वारीच्या वावरात एक कोपरा सोंगायचाच नाही, म्हणायचा तो त्यायचा वाटा. आणि तोच बाप थंडीत धुऱ्यावर फासे लावायचा. १९७२ चा कायदा झाला होता, शिकारीला बंदी होती, पण कायदा आमच्या गावापर्यंत यायला बैलगाडीनं निघाला असावा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो, त्या थंडीत एक राजहंस फाशात सापडला. मीच उचलून आणला. जड होता, बकरीच्या पिलाएवढा. मायनं घरात शिजवू दिला नाही, गोठ्याच्या मागं तीन दगड मांडले. बापानं चिरला तेव्हा गळ्याखालून हिरवा चना निघाला, पानंच्या पानं, ताजी. बाप हसून म्हणाला, "पाय गा, आपलाच माल वापस आला." आम्ही सगळे हसलो. मी खाल्ला, चवीनं खाल्ला. तेव्हा मला काही वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तेही पूर्ण खरं नाही. मला आठवतो तो हिरवा चना. कोण कोणाचं खात होतं, हे त्या वेळी इतकं साफ दिसत होतं.

मोजणी झाली. त्यांची बेरीज बासष्ट आली, माझी अठ्ठावन्न. मॅडमनी त्यांची धरली. पोरीनं हळूच माझीही लिहिली.

मग सगळे आमच्या घरी आले. आधीच ठरलं होतं. आमच्या घरच्यांनी भाकरी, चन्याची भाजी, ठेचा केला होता. लोक अंगणात सतरंजीवर बसले. भाजीची तारीफ झाली. मॅडमनी विचारलं, "ताई, हा चना त्या तलावाजवळचाच का?"

"हो. तुमच्या राजहंसाचं उष्टं," ती म्हणाली. तिला वाटलं गंमत केली.

"म्हणजे?"

"थे रात्री येऊन खातेत ना. मंग हे जातेत पिपा घेऊन हाकलाले. आज बी गेले होते पाटे चार वाजता. बिचाऱ्यायले डोळ्याले डोळा नाई."

बिचारे म्हणजे मी. अंगणात एकदम शांत झालं. कॅमेऱ्यावाल्या पोरानं सकाळपासून पहिल्यांदा वर पाहिलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. चोरी पकडली गेल्यावर माणसाला जसं वाटतं तसं वाटलं, आणि चोरी हाकलण्याची नव्हती, मान हलवण्याची होती.

मॅडम काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी वही काढली. "किती वाजता येतात? किती वेळ चरतात? सगळ्याच वावरात की फक्त काठाच्या? चांदणं असतं तेव्हा?" मी सांगत गेलो. चांदण्या रात्री उशिरापर्यंत चरतात. एक-दोन जण मान वर करून पहारा देतात, बाकीचे खातात, मग पाळी बदलते. गव्हापेक्षा चन्याकडं ओढा. कुत्रा दिसला तर सगळे पाण्याकडं तोंड करतात पण लगेच उडत नाहीत. बोलता-बोलता माझ्याच लक्षात आलं की मला पुष्कळ माहीत आहे. मारुती चितमपल्लींसारखा माणूस जंगल खात्यात राहून, पारध्यांशी, ढिवरांशी, गोंडांशी बोलून-बोलून पुस्तकं लिहून गेला. त्यांचं 'पक्षी जाय दिगंतरा' मी लायब्ररीतून आणून वाचलं होतं. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, त्यात आमच्या शाळेतही पोरांना पाखरांची चित्रं काढायला लावतात. पण हाकलणाऱ्यालाही पक्षी माहीत असतो, हे मला त्या अंगणात बसेपर्यंत सुचलं नव्हतं. वैऱ्यालाही माणूस बारकाईनं ओळखतोच.

जाताना बँकेतल्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. आपसात पैसे जमवले होते. "काकाजी, हे दोन हजार. राजहंसांच्या चन्याचे समजा. यावर्षी हाकलू नका." चांगल्या मनानं देत होते, त्यात शंका नाही. मी हात मागं घेतला. म्हटलं, "नाही साहेब. पाहुणे तलावाचे आहेत. दोन घास खातील त्याचे काय पैसे घ्यायचे?" त्यांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. गाड्या गेल्या. मला छाती भरून आल्यासारखं वाटत होतं. सकाळची मान हलवल्याची शरम धुऊन निघाली, असं वाटलं.

मागं वळलो तर बायको दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून घेतले नाही?"

"बरं दिसत नाही."

"कोणाले?"

मी काही बोललो नाही.

"चना टाकला कोणं? निंदला कोणं? तुमी रात्री पिपा वाजवता अन् दिवसा झोपता. उन्हात वाकते मी. मोठेपणा तुमचा, अन् निंदण माहं."

असं म्हणून ती भांडी घेऊन मागं गेली.

मी बाजेवर बसलो आणि बराच वेळ बसून राहिलो. सकाळपासून माझ्या मनात एक गोष्ट बोचत होती, ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती: या शहरी लोकांचं प्रेम माझ्या वावराच्या जिवावर आहे. हंस त्यांचे, चना माझा. ते दोन तास पाहून जातात, दया करतात, आणि त्या दयेचं बिल मी भरतो. ही तक्रार खोटी नव्हती. पण मी काय केलं? मीही दया केली, आणि बिल बायकोच्या पदरात टाकलं. साहेबांचे डोळे भरून आले ते माझ्याकडे पाहून. तिच्याकडे कोणी पाहिलं? ती चुलीपाशी होती.

आता बापाचंही वेगळं दिसायला लागलं. तो न सोंगलेला ज्वारीचा कोपरा. लोक त्याला पुण्यवान म्हणायचे. त्या कोपऱ्यातली ज्वारी आम्हा पोरांच्या ताटातून कमी होत होती, आणि मायला कोणी विचारलं नव्हतं की बाई, सोडू का? तरी मला वाटत नाही की बापानं तो कोपरा सोडायला नको होता. सोडायलाच पाहिजे होता. पण मायला विचारून सोडला असता तर त्यानं काय कमी झालं असतं? आणि ती नाही म्हणाली असती तर? इथं येऊन माझी अक्कल थांबते. देणाऱ्याच्या घरात सगळे हो म्हणाले तरच द्यायचं, असं ठरवलं तर जगात कोणी कोणाला काही दिलंच नसतं. आणि न विचारता दिलं तर ते दुसऱ्याचंच दिलेलं असतं.

नाशिककडं नांदूर मधमेश्वर म्हणून जागा आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालं. इराणात रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांचा करार झाला, त्याची यादी. मॅडमनी सांगितलं होतं की आपला तलावही कधी अशा यादीत यावा. यावा. पण यादीत आला म्हणजे आमच्या चन्याचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गोंदियाकडं कास्तकार धानाच्या बांधीत सारसाची घरटी सांभाळतात, ते वाचून त्यांचं कौतुक वाटतं. त्यांच्या घरी काय बोलणं होत असेल, हे पेपरात येत नाही.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "चूक झाली. विचारायला पाहिजे होतं."

ती चना निवडत होती. म्हणाली, "विचारलं असतं तरी मी घ्या म्हटलं असतं."

"अन् हाकलायचं?"

"पैसे घेतले असते तर नसतं हाकललं. आता नाई घेतले तर हाकला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन थे पिपा नका वाजवू. माही झोप मोडते."

आमचं घर गावाच्या टोकाला, तलावाकडून पहिलं आहे. पिपा घरापर्यंत ऐकू येतो. चाळीस वर्षांत हेही मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री साडेतीनला गेलो. थंडी अशी की धुऱ्यावरच्या गवतानं पायजमा ओला होऊन पोटऱ्यांना चिकटला. चांदणं कमी होतं. ते होतेच, काठापासून वरपर्यंत पसरलेले. पिपा मी घरीच ठेवला होता. वावराच्या वरच्या धुऱ्यावर उभा राहिलो आणि बॅटरी न लावता हळूहळू खाली चालायला लागलो, ढोरं वळतात तसं, थोडं इकडं, थोडं तिकडं. पहारेकऱ्यानं मान वर केली. एकदा "आंग" म्हणाला. मी थांबलो. तो पुन्हा काही बोलला नाही, पण चालायला लागला. मग त्याच्या मागं दुसरा. कोणी दोन पावलं चाले, वाकून एक शेंडा तोडे, पुन्हा चाले. पाचसहा जण घाबरून उडाले, ते मला टाळता आलं नाही. बाकीचे माझ्या पुढं पुढं चालत राहिले, आणि मी त्यांच्या मागं.

पिप्यानं हे काम दोन मिनिटांत होतं. त्या रात्री मला पाऊण तास लागला. पाण्यापाशी पोहोचेपर्यंत त्यांनी बराच चना खाल्ला होता.